घरचा ओव्हन आणि त्यातली वाफ: पहिल्यांदाच ओटीजी वापरणाऱ्यांसाठी

दोनशे अंश सेल्सिअसला तापलेल्या कोरड्या ओव्हनमध्ये ट्रे सरकवताना हात क्षणभर आत जातो आणि कुठे टेकला नाही तर सुखरूप बाहेर येतो. तोच हात उकळत्या पातेल्याचं झाकण उचलताना वाफेत सापडला, तर तेवढ्याच वेळात भाजतो. ती वाफ असते जेमतेम शंभर अंशांची. कारण असं, की गरम हवा विरळ असते आणि तिच्यात उष्णता फार कमी मावते. वाफ मात्र त्वचेला लागली की लगेच तिचं पाणी होतं, आणि पाणी होताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता ती कातडीला देऊन टाकते. उकळत्या पाण्याचा तेवढाच थेंब अंगाच्या तापमानापर्यंत निवताना साधारण ६३ कॅलरी देतो. म्हणजे वाफेचा चटका जवळजवळ दहापट उष्णता घेऊन येतो.

ओव्हन शिकताना तापमान आणि वेळ सगळेच शिकतात. पाणी कुठे आहे, ते वाफ होऊन कुठून बाहेर पडणार आणि त्या वेळी आपला चेहरा कुठे असणार, हे मात्र सहसा कुणी शिकवत नाही. पदार्थ बिघडण्याचं आणि हात भाजण्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. इथे मुख्यतः ओट्यावर ठेवायच्या ओटीजीबद्दल (ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल एकत्र असलेल्या विजेच्या छोट्या ओव्हनबद्दल) लिहिलं आहे, कारण आपल्याकडे घरोघरी तोच असतो.

जागा आणि वीज

ओटीजी ओट्याच्या उंचीवरच ठेवावा. जागा नाही म्हणून फ्रिजवर किंवा डोक्याइतक्या उंच फळीवर ठेवला, की दार उघडल्यावर वाफ थेट डोळ्यांवर येते आणि गरम ट्रे नजरेच्या वर असल्यामुळे आतलं तूप-पाणी अंगावर सांडतं. ओट्याच्या अगदी कडेलाही नको. उघडं दार ओट्याबाहेर लोंबत राहिलं तर येता-जाता कोपर लागतं आणि लहान मुलांचा हात काचेपर्यंत पोचतो. भाजणं चालू असताना बाहेरून ती काच चटका बसण्याइतकी तापलेली असते.

मागे आणि दोन्ही बाजूंना किमान १० ते १५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी, वर त्याहून जास्त. वर प्लायवूडचं कपाट असेल तर बाहेर पडणारी वाफ त्याच्या तळाशी पाणी होऊन साचते. काही महिन्यांत सनमायका सुटतो, लाकूड फुगतं. ओव्हनखाली प्लास्टिकचा टेबलक्लॉथ नको, वर भांडी किंवा वर्तमानपत्रं नकोत, शेजारी पडदा नको. मागच्या बाजूला विजेची वायर ओव्हनच्या पत्र्याला टेकत नाही ना, हेही पाहावं.

विजेचा हिशेब सोपा आहे: वॅटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. १३०० वॅटचा छोटा ओटीजी साडेपाच-पावणेसहा अँपिअर ओढतो, २००० वॅटचा जवळपास ९. त्यामुळे मोठ्या ओव्हनला १६ अँपिअरचा, जाड पिनांचा सॉकेट लागतो. जाड पिनांचा प्लग बारीक सॉकेटमध्ये बसवण्यासाठी बाजारात मिळणारा अडॅप्टर लावू नये. एक्स्टेन्शन बोर्डही नको, कारण त्याची वायर तासभर एवढा प्रवाह वाहून नेण्यासाठी बनवलेली नसते. ती आतून तापते आणि बाहेरून काही कळत नाही. एकाच लाइनवर २००० वॅटचा ओव्हन आणि २००० वॅटची इंडक्शन शेगडी चालू केली तर प्रवाह १७ अँपिअरच्या वर जातो आणि एमसीबी (बोर्डातला, जास्त प्रवाह गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडू शकतो. एमसीबी पडला तर तो त्याचं काम करतोय असं समजावं आणि एक उपकरण बंद करावं. त्याजागी जास्त अँपिअरचा एमसीबी बसवून घेणं हा आग लागायचा रस्ता आहे.

अर्थिंग असलंच पाहिजे. ओव्हनचं अंग पत्र्याचं, आत वाफ आणि आपले हात बहुधा ओले. जुन्या इमारतींमध्ये तीन भोकांचा सॉकेट दिसतो, पण अर्थची वायर जोडलेलीच नसते. वायरमनकडून ते एकदा तपासून घ्यावं. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) असेल तर फारच चांगलं.

आतले भाग

वर आणि खाली तापणारे रॉड असतात, छोट्या ओव्हनमध्ये एकेक, मोठ्यात दोन-दोन. एका नॉबने तापमान ठरतं, दुसऱ्याने कुठला रॉड चालू राहील ते, तिसरा टाइमर. काहींमध्ये मागे किंवा बाजूला पंखा असतो. सर्वांत खाली बाहेर सरकणारा पातळ पत्रा असतो, तो चुरा गोळा करण्यासाठी. बाजूच्या किंवा मागच्या पत्र्यातल्या चिरा हवेसाठी असतात, त्या कशानेही झाकू नयेत. दार बहुतेक ओटीजींमध्ये घट्ट बसत नाही, थोडी फट राहते. त्याला दोष मानू नये. वाफ तिथून हळूहळू निघून जावी अशीच ती रचना असते.

टाइमर चावीचा असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ लावायचा असेल तर नॉब आधी वीसच्या पुढे नेऊन मग मागे आणावा, नाहीतर स्प्रिंग पुरती गुंडाळली जात नाही आणि घंटा वाजत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बऱ्याच ओव्हनमध्ये टाइमर न वापरता सतत चालू ठेवायची एक खूण असते. त्या खुणेवर नॉब असताना वीज गेली आणि आपण विसरून बाहेर पडलो, तर वीज आल्यावर ओव्हन आपोआप तापू लागतो. वीज गेली की नॉब शून्यावर आणून प्लग काढायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

नव्या ओव्हनमध्ये पहिल्यांदा काहीच भाजू नये. आतलं सगळं प्लास्टिक, थर्माकोल, पुठ्ठे काढावेत, ट्रे आणि जाळी धुऊन पुसावी, खिडक्या उघडाव्यात, आणि रिकामा ओव्हन २५० अंशांवर दोन्ही रॉड लावून १५ ते २० मिनिटं चालवावा. रॉडवर गंज लागू नये म्हणून लावलेलं तेल जळतं, त्याचा थोडा धूर आणि वास येतो. तो थांबला की ओव्हन तयार. दुसऱ्या वेळीही धूर आला तर मात्र कुठेतरी पॅकिंगचा तुकडा चिकटलेला आहे असं समजावं.

जाळीवर ठेवायचा ओव्हनचा थर्मामीटर जरूर घ्यावा. नॉबवरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत १० ते २५ अंशांचा फरक सर्रास असतो. १८० वर नॉब लावून वीस मिनिटांनी थर्मामीटर काय दाखवतो ते पाहावं, मग २०० आणि २२० वर. तीन आकडे कागदावर लिहून ओव्हनच्या बाजूला चिकटवले की पुढे कुठलीही कृती नीट साधते.

दार उघडण्याची पद्धत

हा भाग दोनदा वाचावा. ओट्यावरच्या ओटीजीचं दार पुढे खाली उघडतं आणि साठलेली वाफ दाराच्या वरच्या कडेने बाहेर पडते. ओव्हनसमोर उभं राहून आत वाकून पाहणाऱ्याचा चेहरा नेमका तिथे असतो. चष्मा असेल तर तो धुक्याने पांढरा होतो आणि हातात गरम ट्रे असताना काही दिसेनासं होतं.

समोर उभं राहू नका. एका बाजूला उभे राहा, दाराची मूठ धरा, दार तीन-चार बोटं उघडा आणि मनात पाचपर्यंत मोजा. पहिली वाफ निघून गेली की दार पूर्ण खाली करा. मगच समोर या. पांढरा ढग दिसला नाही म्हणून वाफ नाही असं समजू नका. खरी गरम वाफ दिसतच नाही. पांढरं दिसतं ते तिचे निवलेले थेंब असतात, म्हणजे वाफेचा सर्वांत गरम भाग त्या ढगाच्या अलीकडे, ओव्हनच्या तोंडाशी असतो.

हातात मनगटाच्या वरपर्यंत येणारे जाड, कोरडे हातमोजे हवेत. फडकं, पदर किंवा ओढणी धरून ट्रे काढायची सवय आपल्या स्वयंपाकघरात फार आहे. गॅसवरचं पातेलं उतरवताना ती निभावून जाते, पण ओव्हनचा ट्रे १८० ते २३० अंशांचा असतो. फडकं ओलं असेल तर त्यातल्या पाण्याची ट्रेला टेकताक्षणी वाफ होते आणि ती कापडातून थेट तळहाताला लागते. मोजा किंचित दमट असला तरी हेच होतं. म्हणून हातमोजे ओट्यावर ओल्या जागी ठेवू नयेत, खिळ्याला टांगावेत. पदर खोचावा, ओढणी बाजूला ठेवावी, सिंथेटिक गाऊनच्या लांब बाह्या वर सारून घ्याव्यात. ओटीजीसोबत ट्रे काढायचा चिमटा येतो. तो रिकामा किंवा हलका ट्रे ओढायला ठीक आहे. भरलेला जड ट्रे चिमट्याने एका टोकाला उचलला की उलटतो. तो दोन्ही हातांनीच काढावा, आणि काढल्यावर कुठे ठेवायचा ती जागा दार उघडण्यापूर्वीच मोकळी करून ठेवावी.

जाळी अर्ध्यापेक्षा जास्त बाहेर ओढू नये. छोट्या ओव्हनमध्ये ती पुढे कलते, आणि ओव्हन हलका असेल तर तोही पुढे झुकतो. उघड्या दारावर जड भांडं टेकवू नये.

वाफ हवी असते तेव्हा: कडक कवचाचा ब्रेड

पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत ब्रेडभोवती दमट हवा असली तर वरचा पृष्ठभाग मऊ, ताणला जाणारा राहतो आणि गोळा मनाजोगता फुगतो. कोरड्या हवेत तो लगेच सुकून घट्ट होतो. मग आतला वायू जिथे वाट सापडेल तिथे, बहुधा बाजूने, कवच फोडून बाहेर येतो. दमट पृष्ठभागावरचा स्टार्च खळीसारखा शिजतो, त्यामुळे चकाकी आणि चांगला रंगही येतो. नंतर मात्र वाफ घालवावी लागते, नाहीतर कवच चिवट होतं.

मोठ्या ओव्हनसाठी लिहिलेल्या बऱ्याच कृतींत खालच्या तापलेल्या ट्रेमध्ये कपभर पाणी ओतायला सांगतात. ओटीजीमध्ये हे करू नये. कारणं तीन. खालचा रॉड उघडा असतो. त्यावर गार पाणी उडालं तर त्याचं धातूचं आवरण तडकू शकतं, आणि पाणी रॉडच्या टोकांकडच्या जोडणीपर्यंत गेलं तर शॉकचा धोका असतो. दुसरं, तापलेल्या दाराच्या काचेवर थेंब उडाले तर काच फुटू शकते. तिसरं म्हणजे ते पाणी या ओव्हनला झेपतच नाही. अर्धा कप, म्हणजे १२० मिलिलिटर उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला १५०० वॅटच्या रॉडला सगळी शक्ती लावूनही तीन मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ ब्रेडला मिळायची उष्णता पाण्यात जाते. त्यातून तयार होणारी वाफ असते सुमारे २०० लिटर. ३० लिटरच्या ओव्हनमध्ये ती राहणार कुठे? दाराच्या फटीतून स्वयंपाकघरात येते.

उत्तर आहे झाकणाचं जाड भांडं. ब्रेडच्या गोळ्यातलं दहा-बारा टक्के वजन भाजताना पाणी होऊन उडतं. पाचशे ग्रॅमच्या गोळ्यातून साधारण ५० ते ६० ग्रॅम. तेच पाणी झाकणाखाली अडवलं की बाहेरून थेंबही घालायला नको. बिडाचं, किंवा जाड बुडाचं स्टीलचं झाकणासह भांडं चालतं. मूठ आणि झाकणाची गोंडी धातूचीच हवी, बेकलाइट किंवा लाकडाची नको. घट्ट बंद होणारं काहीही ओव्हनमध्ये ठेवू नये: गॅस्केट लावलेला कुकर नाही, झाकण फिरवलेली बरणी नाही. वाफेला बाहेर पडायला वाट हवीच.

सुरुवातीला हे प्रमाण घ्यावं: ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम पाणी, ६ ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट.

१. पीठ मळून दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवावं. उन्हाळ्यात पाऊण ते एक तास, थंडीत दीड तासही लागतो. गोळा वळून पुन्हा ३० ते ४० मिनिटं.

२. गोळा दुसऱ्यांदा फुगत असतानाच रिकामं भांडं झाकणासह सर्वांत खालच्या जाळीवर ठेवून ओव्हन २३० अंशांवर २५ ते ३० मिनिटं तापवावा. झाकण आणि वरचा रॉड यांत किमान ५ सेंटिमीटर अंतर राहतं का, हे गार असतानाच मोजून घ्यावं.

३. गोळा बेकिंग पेपरवर ठेवून धारदार ब्लेडने वर एक चीर द्यावी. भांडं बाहेर काढून, कागदासकट गोळा आत सोडावा. कागदाच्या बाहेर आलेल्या कडा कापून टाकाव्यात, कारण रॉडला टेकलेला कागद पेटतो. बहुतेक बेकिंग पेपर २२० अंशांच्या आसपासच चालतो, पाकिटावरचा आकडा वाचावा. तो कमी असेल तर कागदाऐवजी भांड्यात थोडा रवा भुरभुरावा. बिस्किटांच्या पुड्यासारखा मेणकागद तर कधीच नको, मेण वितळून धूर होतो.

४. झाकण ठेवून २० मिनिटं.

५. झाकण काढताना पलीकडची कड आधी उचलावी, म्हणजे वाफ आपल्यापासून दूर जाते. अलीकडची कड आधी उचलली तर मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी पातळ असते, तिथे चटका बसतो.

६. उघड्यावर २१० अंशांवर आणखी १५ ते २० मिनिटं. आतलं तापमान ९४ ते ९६ अंश झालं की ब्रेड शिजला. पुढे दोन-तीन मिनिटं दार बोटभर उघडं ठेवलं तर कवच जास्त कडक होतं.

७. लगेच जाळीवर उभा किंवा तिरका ठेवावा. ताटात ठेवला तर तळाशी वाफ साचून बूड ओलं होतं. तासाभरापूर्वी कापू नये, आतली वाफ अजून ब्रेडमध्ये मुरत असते.

पंखा असेल तर झाकण असताना त्याने फरक पडत नाही. उघड्यावर भाजताना मात्र तो दमट हवा झटपट बाहेर घालवतो, म्हणून पंख्यावर तापमान १५ ते २० अंशांनी कमी ठेवावं.

लादीपावाचं तंत्र उलटं आहे. तिथे कडक कवच नकोच, म्हणून झाकण नाही, पाणी नाही. गोळे एकमेकांना लागून ठेवावेत, वरून दूध लावावं, १९० अंशांवर १८ ते २२ मिनिटं भाजावं. बाहेर आल्याबरोबर लोणी लावून वर स्वच्छ कोरडं फडकं घालावं. पावातून निघणारी वाफ फडक्याखाली अडते आणि वरची साल मऊ पडते.

पाण्याच्या ट्रेमधले पदार्थ

कॅरॅमल कस्टर्ड किंवा चीजकेक पाण्याच्या ट्रेत ठेवून भाजतात, कारण पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही आणि अंड्याचं मिश्रण फुटत नाही. तापमान १५० ते १६०, वेळ ४० ते ५० मिनिटं. धोका असतो तो गरम पाण्याने भरलेला ट्रे हलवण्यात. म्हणून वाट्या ठेवलेला कोरडा ट्रे आधी जाळीवर ठेवावा. मग लांब तोटीच्या किटलीने ट्रेच्या कडेला हळूहळू पाणी सोडावं. पाणी गरम हवं पण उकळतं नको, आणि दीड-दोन सेंटिमीटरच. वाट्यांवर फॉइल सैल ठेवावं म्हणजे वरून पाणी कस्टर्डवर टपकत नाही. फॉइलचं टोक रॉडजवळ जाऊ देऊ नये.

झाल्यावर ओव्हन बंद करून वाफ जाऊ द्यावी, वाट्या सांडशीने एकेक उचलाव्यात, आणि पाण्याचा ट्रे पूर्ण गार होईपर्यंत आतच राहू द्यावा. गरम पाण्याचा ट्रे बाहेर काढण्याची घाई करण्यासारखं काहीच नसतं.

गोव्याचा बेबिंका ओटीजीत करायचा तर फक्त वरचा रॉड लावून एकेक थर भाजावा लागतो. सात थर म्हणजे किमान सात वेळा दार उघडणं, दर वेळी नारळाच्या दुधाची वाफ, आणि वरच्या लाल रॉडच्या जवळ हात. इथे कोपरापर्यंतचे हातमोजे घ्यावेत, आणि पुढचा थर ओतण्यासाठी भांडं बाहेर काढावं, आत हात घालून ओतू नये.

वाफ नको असते तेव्हा

फ्लॉवर, वांगं यांत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं. ट्रे खच्चून भरला की हे पाणी बाहेर पडतं पण उडून जायला वाट मिळत नाही, आणि भाजी भाजण्याऐवजी उकडते. रंग येत नाही, तळाशी पाणी साचतं, मग आपण तापमान वाढवतो आणि कडा करपतात. तीस सेंटिमीटरच्या ट्रेत पाचशे ग्रॅमपेक्षा जास्त भाजी घालू नये, तुकडे एकाच थरात आणि एकमेकांपासून सुटे ठेवावेत. धुतलेली भाजी फडक्यावर पसरून कोरडी करावी. २२० अंशांवर २५ ते ३० मिनिटं, आणि अर्ध्या वेळेला दार उघडून परतावी. त्या वेळी साठलेली वाफही निघून जाते.

भरताच्या वांग्याला तेल लावून काट्याने पाच-सहा ठिकाणी खोलवर टोचावं. सालीखाली वाफ कोंडली तर वांगं फुटतं आणि गर रॉडवर उडून जळतो. बटाटा आणि रताळ्यालाही हेच लागू. खाली ट्रे ठेवून २२० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. मऊ झाल्यावर भांड्यात घालून दहा मिनिटं झाकलं की त्याच्याच वाफेने साल सहज सुटते. चुलीवरच्या भरताचा धुरकट वास यात येत नाही, तो हवा असेल तर शेवटी मिनिटभर गॅसच्या आचेवर धरावं.

शेंगदाणे १५० ते १६० अंशांवर १५ ते २० मिनिटं, मध्ये दोनदा हलवून. बाहेर काढल्यावरही ते स्वतःच्या उष्णतेने भाजत राहतात, म्हणून हव्या त्या रंगाच्या किंचित आधी काढावेत. नानकटाई १६५ अंशांवर १५ ते २० मिनिटांत होते आणि गरम असताना मऊच लागते, तेवढ्यावरून पुन्हा आत ढकलू नये. डबा पूर्ण गार झाल्यावरच भरावा. कोमट नानकटाई भरली तर झाकणाला आतून पाणी धरतं आणि दुसऱ्या दिवशी ती सादळते. कोकणात पावसाळ्यात तशीही सादळते, तेव्हा १४० अंशांवर दहा मिनिटं ठेवून गार केली की पुन्हा खुसखुशीत होते.

काच, फॉइल आणि इतर भांडी

काचेचं भांडं गरम असताना ओल्या ओट्यावर किंवा ओल्या फडक्यावर ठेवू नये, फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नये. लाकडी पाट किंवा कोरड्या, जाड कापडाची घडी हवी. खालच्या चुऱ्याच्या पत्र्याला किंवा तळाला फॉइल लावायचा मोह होतो, कारण साफसफाई वाचते. पण त्याने उष्णता परत फेकली जाते, तापमान राखणारा थर्मोस्टॅट फसतो आणि फॉइल रॉडला टेकलं तर ते तिथेच चिकटून जळतं. मेलामाइनच्या प्लेट आणि प्लास्टिकचे डबे आत जाऊ नयेत. सिलिकॉनचे साचे चालतात, साधारण २३० अंशांपर्यंत.

परदेशात राहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तिथल्या जमिनीवरच्या मोठ्या ओव्हनचं दार गुडघ्याच्या उंचीवर उघडतं आणि वाफ वर चढते, म्हणून वाकण्यापूर्वी मागे सरायचं. उघड्या दारावर मूल चढलं तर अख्खी शेगडी पुढे कलू शकते. भिंतीला अडकवणारी पट्टी बसवलेली आहे का ते पाहावं. गॅसचा ओव्हन असेल तर वरचा पंखा किंवा खिडकी चालू-उघडी ठेवावी आणि खोली गरम करायला तो कधीही वापरू नये. अमेरिकेतल्या कृतींतले ३५०, ४०० आणि ४५० अंश फॅरनहाइट म्हणजे आपले अनुक्रमे १७७, २०४ आणि २३२.

पेटलं किंवा भाजलं तर

आत ज्वाळा दिसली तर दार उघडू नका. हवा मिळाली की आग वाढते. प्लगचं बटण बंद करा आणि दार मिटलेलंच ठेवून थांबा, बहुतेक वेळा आतली हवा संपून ती विझते. तेल किंवा तूप पेटलेलं असो वा वायर, पाणी मारायचं नाही. आग बाहेर येऊ लागली तर घराबाहेर पडून १०१ ला फोन.

हात भाजला तर लगेच नळाखाली धरा, वीस मिनिटं. पाणी साधं गार, बर्फाचं नको. वीस मिनिटं फार वाटतात, पण कातडीच्या खालच्या थरांतली उष्णता तेवढ्या वेळानेच निघते. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज येण्याआधी काढा. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांपैकी काहीही लावू नका. त्याने उष्णता आत अडकते आणि डॉक्टरांना जखम दिसत नाही. फोड फोडू नका, वर स्वच्छ ओलसर कापड सैल ठेवा. चेहरा, डोळे, सांधे भाजले असतील, जखम आपल्या तळहातापेक्षा मोठी असेल किंवा भाजलेलं लहान मूल असेल, तर वीस मिनिटांनंतर थेट दवाखाना. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८.

वापरून झाल्यावर

पदार्थ काढला, बटण बंद केलं, प्लग काढला, तरी ओव्हनचं दार लगेच मिटू नये. दहा-पंधरा मिनिटं चार बोटं उघडं ठेवावं. आतली दमट हवा तशीच मिटली की रात्रभरात बिजागरी, जाळीचे खिळे आणि रॉडची टोकं यांवर पाणी धरतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. पावसाळ्यात ओव्हन महिनाभर वापरला नसेल तर वापरण्याआधी १५० अंशांवर दहा मिनिटं रिकामा चालवून कोरडा करावा.

चुऱ्याचा पत्रा प्रत्येक वेळी गार झाल्यावर झटकावा. पुढच्या वेळी धूर होतो तो बहुधा याच चुऱ्याचा. काचेवरच्या चिकट डागांना खाण्याच्या सोड्याची पाण्यात कालवलेली पेस्ट लावून अर्ध्या तासाने ओल्या फडक्याने पुसावं. रॉडला सोडा, साबण, तारेची घासणी यांपैकी काही लावू नये. पाण्याची पिचकारी आत मारू नये. ट्रे आणि जाळी पूर्ण कोरडी झाल्यावरच आत ठेवावी.

ओव्हनच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तापमान गाठल्यावरही रॉड सतत लालच राहिला, प्लगची पिन काळी पडली किंवा वायर प्लगजवळ कडक झाली, तर प्लग काढून ठेवावा आणि दुरुस्ती होईपर्यंत ओव्हन चालू करू नये.